गाडीतला आवाज: हॅनोव्हरचा आणि भोसरीचा



खूप दिवसांनी मराठीत लांबलचक लिहायला बसलोय, त्यामुळे शुद्धलेखन आणि जर्मन उच्चार या दोन्हींबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. विषय तसा किरकोळ आहे. जुन्या गाडीच्या आतला आवाज कमी खर्चात कसा कमी करायचा, एवढाच. पण ते करता करता मी या गावाच्या इतिहासात असा काही अडकलो की गाडी राहिली बाजूला. बायको म्हणते, तुझं नेहमीचंच आहे, नळ दुरुस्त करायला घेतोस आणि रोमन लोकांच्या पाणीपुरवठ्यावर वाचत बसतोस. असो.

सुरुवात झाली मे महिन्यातल्या एका रविवारी. इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये मी गाडीची डिकी उघडून, कार्पेट बाहेर काढून, स्टेपनीचा खड्डा रबरी हातोडीने ठोकून बघत होतो. कुठला पत्रा 'ठण्ण' वाजतो आणि कुठला 'ठप्प' वाजतो, हे ऐकून कुठे शीट चिकटवायची ते ठरवायचं असतं. पाच मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. रागावल्या वगैरे नव्हत्या. फक्त म्हणाल्या, "आज रविवार आहे." जर्मनीत राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. रविवारी ड्रिल नाही, हातोडी नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकणंसुद्धा नाही. गणपतीच्या मांडवातल्या स्पीकरखाली अभ्यास करून इंजिनियर झालेल्या माणसाला हे पचायला काही वर्षं लागतात. मी सॉरी म्हणून हातोडी ठेवली. आजी जाता जाता हसून म्हणाल्या, "आवाज कमी करण्यासाठी आवाज करताय? लेसिंगला आवडलं नसतं."

लेसिंग हे नाव मला माहीत होतं, पण फक्त पाटीवरचं. मी जर्मन शिकलो ती इथली फोल्क्सहोखशूले, म्हणजे सगळ्यांसाठी असलेली संध्याकाळची शाळा, तिचं पूर्ण नाव 'आडा आणि थिओडोर लेसिंग फोल्क्सहोखशूले' असं आहे. बी-वनचा क्लास करताना दोन वर्षं त्या पाटीखालून गेलो, पण हे दोघे कोण असं कधी विचारलं नाही. आपण काय, आर्टिकल पाठ करण्यात दंग :-)

तर थिओडोर लेसिंग. जन्म १८७२, हॅनोव्हर. ज्यू घराण्यातला, तत्त्वज्ञानाचा माणूस, इथल्या टेक्निकल कॉलेजात (तेव्हाचं टेक्निशे होखशूले, आजचं विद्यापीठ) शिकवायचा. १९०८ साली त्याने 'आवाज' याच नावाचं एक पुस्तक लिहिलं. आपल्या आयुष्यातल्या गोंगाटाविरुद्ध हे युद्धपत्र आहे, असं पोटशीर्षकातच ठणकावून सांगितलं. त्याच साली त्याने गोंगाटविरोधी संघटना काढली आणि तिचं मासिकही. त्याच्या दोन वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये ज्युलिया राइस या बाईंनी अनावश्यक आवाजाविरुद्ध संस्था काढली होती, तिच्यावरून त्याला ही कल्पना सुचली. घोड्यांच्या गाड्यांचा दगडी रस्त्यावरचा खडखडाट, चाबकाचे फटके, शेजारचा पियानो, चर्चच्या घंटा, मोटारींचे भोंगे, हे सगळे त्याचे शत्रू. आणि सर्वांत मोठा शत्रू कोण, तर अंगणात गालिचे बडवणाऱ्या मोलकरणी! शांत हॉटेलांच्या याद्या करणं, पोलिसांकडे तक्रारी करणं असे उद्योग संघटनेने केले. सभासद बहुतेक डॉक्टर, वकील, प्रोफेसर, लेखक. ब्रीदवाक्याचा अर्थ साधारण असा होता की शांत राहणं हे खानदानी माणसाचं लक्षण आहे.

इथेच गाडी अडली. गालिचा बडवणारीला खानदानीपणाशी काय घेणंदेणं? तिला मालकिणीने सांगितलंय, तिने बडवला. कामगारवर्ग या चळवळीत आलाच नाही, आणि कारखान्याच्या आत जो आवाज होता तो चळवळीच्या यादीत फारसा नव्हताच. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाची डोकेदुखी, एवढ्यापुरताच तो प्रश्न राहिला. काही वर्षांतच संघटना बंद पडली. लोकांनी लेसिंगची चेष्टा केली. मला मात्र तो माणूस आवडला. हट्टी, चिडका, पण नंतर त्याने आणि बायकोने, आडाने, पहिल्या महायुद्धानंतर कामगारांना शिकता यावं म्हणून ती संध्याकाळची शाळा उभी करायला मदत केली. कारभार आडाच बघायची. १९२५ मध्ये याच गावात निवृत्त होऊन राहणारा हिंडेनबुर्ग राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा लेसिंगने त्याच्याविरुद्ध लिहिलं, आणि राष्ट्रवादी विद्यार्थ्यांनी त्याचे वर्ग बंद पाडले. १९३३ मध्ये नाझी आले, हा चेकोस्लोव्हाकियात मारीएनबाडला पळाला. ३० ऑगस्टला रात्री तो टेबलाशी बसला असताना खिडकीतून गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी गेला.

गंमत (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सापडत नाही) अशी की हॅनोव्हर हे आवाज विकणारंही गाव आहे. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर इथलाच. १८९८ साली त्याने आणि भावांनी इथे डॉइचे ग्रामोफोन काढली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं, त्याच्या मेणाच्या तबकड्या बोटीने आल्या त्या हॅनोव्हरलाच, इथे रेकॉर्डी दाबून परत हिंदुस्थानात गेल्या. १९०८ साली सियालदाला कारखाना निघेपर्यंत हे असंच चालू होतं. रेकॉर्डी ज्या लाखेपासून व्हायच्या ती बरीचशी पुन्हा आपल्याकडचीच. पुढे १९८२ मध्ये जगातली पहिली व्यापारी सीडी निघाली ती विमानतळाजवळच्या लांगेनहागेनमध्ये. सेनहायझर पण इथलंच, शेजारच्या वेडेमार्कमधलं. आणि टायरवाली कॉन्टिनेंटल १८७१ पासून इथेच आहे. फोक्सवागनच्या ट्रान्सपोर्टर गाड्या १९५६ पासून आमच्या ट्रामलाइनच्या टोकाला श्ट्योकेनमध्ये बनायला लागल्या. म्हणजे आवाज करणारे, आवाज जपणारे आणि आवाजाला वैतागणारे असे सगळे एकाच गावात.

आता मुद्द्याकडे. गाडीच्या आत आवाज मुळात कुठून आला? सुरुवातीच्या मोटारी उघड्या होत्या, तेव्हा आत-बाहेर हा फरकच नव्हता. अमेरिकेत १९१९ साली दहात जेमतेम एक गाडी बंद डब्याची होती, १९२७ पर्यंत दहात आठांहून जास्त. लोकांना वाटलं, चला, पाऊस-धूळ गेली, आता शांतता. झालं उलटंच. लाकडी सांगाड्याच्या जागी पूर्ण पत्र्याची बॉडी आली आणि गाडीचा ढोल झाला. पत्रा पातळ, मोठा आणि सपाट. खालून इंजिन आणि चाकं त्याला हलवतात, तो हवेला हलवतो, आणि ती हवा आपल्या कानात. वायमान नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात यावर वेगळाच उपाय काढला. लाकडी सांगाड्याचे तुकडे एकमेकांना टेकूच द्यायचे नाहीत, मध्ये फट ठेवून धातूच्या पट्ट्यांनी जोडायचे आणि वरून कापड. कुरकुर बंद. श्रीमंतांना फार आवडली, पण मोठ्या संख्येने बनवायला पत्र्यासारखी सोय नाही, म्हणून मागे पडली. १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टने युरोपातला पहिला कार रेडिओ काढला, किंमत ४६५ मार्क, गाडीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश! (ही कंपनी युद्धानंतर आमच्या शेजारी हिल्डेसहाइमला आली.) रेडिओ आला की तो ऐकू यायला हवा, म्हणून गाडी शांत हवी. ही साखळी तेव्हापासून सुरू आहे.

माझी गाडी २००९ सालची, डिझेल, स्टेशन वॅगन, सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारीची काही चूक नाही, वय झालंय. ताशी शंभरला आत फोनच्या अ‍ॅपवर ७१ डेसिबल. आम्हा दोघांना याची सवय झाली होती. रेडिओ मोठा करायचा की झालं. पण यंदा आई-बाबा आले, शेंगेनचे पुरते ९० दिवस, आणि सगळं बदललं.

बाबांना कमी ऐकू येतं. ते भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं होते. मोठ्या कारखान्यांना गाड्यांची डोअर पॅनल, फेंडर असे पत्रे दाबून पुरवणारा शॉप. लहानपणी मी एकदा डबा द्यायला गेलो होतो. प्रेस खाली आला की पायाखालची फरशी हलायची आणि छातीत काहीतरी आपटायचं. तिथे लोक बोलत नसत, खुणा करत. कानात कापूस घालायचे, तोही घामाने पडायचा. घरी आल्यावर बाबा अर्धा तास टीव्ही मोठ्याने लावायचे, मग आई ओरडायची, मग तो लहान व्हायचा. आम्हाला वाटायचं, बाबा रागीट आहेत म्हणून मोठ्याने बोलतात.

आवाजाने गेलेलं ऐकणं विचित्र असतं. ते सगळीकडून सारखं जात नाही. साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो, म्हणजे स, श, त, क अशी व्यंजनं जातात आणि स्वर राहतात. त्यामुळे अशी माणसं म्हणतात, "ऐकू येतं रे, पण कळत नाही." बाबांचं हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय, त्याचा नेमका अर्थ मला या वर्षी कळला. त्यात गाडीचा आवाज म्हणजे बहुतेक खालच्या पट्टीतला घुमारा, आणि खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. हे ध्वनिशास्त्रातलं जुनं सत्य आहे, उलटं तितकंसं होत नाही. श्रवणयंत्र लावलं तर ते घुमाऱ्यालाही मोठं करतं, म्हणून बाबा गाडीत बसताना ते काढून खिशात ठेवतात.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही हार्झला फिरायला गेलो. आउटोबानवर मी बाबांना एक गोष्ट सांगितली, जी मी चार महिने सांगायची टाळत होतो. जर्मन पासपोर्टसाठी अर्ज केलाय. २०२४ पासून जर्मनीने दोन नागरिकत्वं चालवून घेतली, पण भारत घेत नाही, म्हणजे आपला पासपोर्ट सोडावा लागणार. मागे बसलेली बायको श्वास रोखून ऐकत होती. बाबा समोर बघत म्हणाले, "हो हो, बरं झालं." मला इतकं हलकं वाटलं की गोसलारला सगळ्यांना केक खाऊ घातला. चार दिवसांनी बाबा निगडीच्या काकांशी व्हिडिओवर बोलत होते: "पासपोर्ट संपत आलाय त्याचा, रिन्यू करायला हॅम्बुर्गला जाणार म्हणत होता बहुतेक." त्यांनी 'पासपोर्ट' एवढंच पकडलं होतं, बाकीचं स्वतः भरून घेतलं होतं.

घरात सांगता आलं असतं ना, असं तुम्ही म्हणाल. आलं असतं. पण मंडळी, अशा गोष्टी समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. गाडीत दोघंही रस्त्याकडे बघत असतात, म्हणून जमतं. तेव्हा गाडी शांत करायची, असं मी ठरवलं. बजेट दीडशे युरो.

इथे मला दुसरा माणूस भेटला, हेर्मान ओबर्स्ट. गाडीच्या पत्र्यावर चिकटवायच्या काळ्या शीट सगळ्यांनी बघितल्या असतील. त्या आवाज 'अडवतात' असा समज आहे, तो चूक. अडवायला वजन लागतं. जाडी दुप्पट केली तर साधारण सहा डेसिबलचा फरक, आणि गाडीला दुप्पट जाड पत्रा कोण लावणार? शीटचं काम वेगळं. पत्रा वाकतो तेव्हा ती ताणली जाते, आणि ताणताना त्या हालचालीची ऊर्जा उष्णतेत घालवते. घंटेला हात लावला की ती गप्प होते, तसं. डांबर किंवा त्यासारखं चिकट काहीतरी लावलं की पत्रा गप्प होतो हे कारागिरांना आधीपासून माहीत होतं, पण किती जाड, कुठलं मटेरियल, किती फरक, याचं गणित नव्हतं. ते ओबर्स्टने फ्रांकनफेल्ड या सहकाऱ्याबरोबर १९५२ साली 'अकुस्टिका' या नियतकालिकात मांडलं. पट्टीला थर लावायचा, एक टोक घट्ट धरायचं, हलवायची आणि किती लवकर थांबते ते मोजायचं. आजही ही चाचणी 'ओबर्स्टची पट्टी' म्हणूनच ओळखली जाते.

आणि हा ओबर्स्ट आधी काय करत होता? दुसऱ्या महायुद्धात एर्विन मायर या ध्वनिशास्त्रज्ञाच्या मंडळीत होता. शत्रूच्या सोनारचा आवाज परत फिरू नये म्हणून जर्मन पाणबुड्यांना रबराचा छिद्रं असलेला थर चिकटवायची योजना होती, सांकेतिक नाव 'आल्बेरिष', त्यामागे हे संशोधन. युद्ध हरल्यावर या लोकांनी पाण्यातल्या ध्वनिशोषणावरचं सगळं काम लिहून काढलं, ते १९४७ मध्ये अमेरिकन नौदलाने इंग्रजीत छापलं. त्याच साली मायर आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर ग्योटिंगेनला प्रोफेसर झाला, आणि तिथे ध्वनिशास्त्राचं मोठं केंद्र उभं राहिलं. म्हणजे मी बाउमार्क्टमधून आणलेल्या शीटचं खानदान पाणबुडीपर्यंत जातं. हे कळल्यावर मी ती शीट बराच वेळ हातात धरून बसलो होतो. बायको म्हणाली, चिकटवणार आहेस की पूजा करणार आहेस?

माझी शीट मात्र डांबराची नव्हती, ब्यूटाइल रबराची होती, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. फॉइल दिसायला छान म्हणून नसते. पत्रा आणि फॉइल यांच्या मध्ये रबर अडकतं आणि वाकताना घासलं जातं, त्यामुळे कमी वजनात जास्त काम होतं. या 'सँडविच'चं गणित १९५९ मध्ये अमेरिकेत कर्विनने मांडलं.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न साहजिकच आला. आपल्याकडे शांतता हा गाडीचा गुण मानायला फार उशीर झाला, आणि त्यात नवल नाही. वालचंद हिराचंद (सोलापूरचे) यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने तीच गाडी निघत राहिली. वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेल्या गाडीत आवाज किती, हे विचारणं म्हणजे लग्नात जेवण फुकट मिळाल्यावर मीठ कमी म्हणण्यासारखं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ज्यांनी तिच्यात दादर ते फोर्ट प्रवास केलाय त्यांना तो दरवाजा लावल्याचा आवाज अजून आठवत असेल. पावसाळ्यापूर्वी गॅरेजमध्ये खालून डांबरी कोटिंग मारून घ्यायची पद्धत पुण्या-मुंबईत होती, ती गंज लागू नये म्हणून. आवाज कमी व्हायचा तो बोनस. सीटवाल्यांकडे नमदा मिळायचा, मॅटिंगच्या खाली घालायला, तोही पायाला चटका बसू नये म्हणून. म्हणजे ओबर्स्टचं अर्धं काम आपले मेस्त्री न सांगता करत होते.

मग पुण्यात १९९८ च्या शेवटी इंडिका आली, पिंपरीची आपली गाडी म्हणून आम्हाला केवढा अभिमान! डिझेलचा खडखडाट होताच, पण किलोमीटरमागचा खर्च एवढा कमी की कान बंद. २००८ साली नॅनो दाखवली तेव्हा तर हिशेब उघडाच झाला. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, वजन सहाशे किलोच्या आसपास, किंमत एक लाख. शांततेला वजन लागतं आणि वजनाला पैसे. जिथे एकेका नटाचा हिशेब होतो तिथे नमदा कुठून येणार? आज पुण्यातच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, गाड्यांचा आवाज आणि थरथर मोजायच्या चांगल्या प्रयोगशाळा आहेत. माझे दोन वर्गमित्र याच धंद्यात आहेत. त्यातल्या एकाला मी फोन केला. तो म्हणाला, "टायर बदल आधी, चाळीस-पन्नासच्या वर इंजिन कोण ऐकतो? आणि पूर्ण पत्रा झाकू नकोस, गाढवा, पाव हिस्सा बास." कॉलेजात चार वर्षं शिकून मला हे माहीत नव्हतं, आणि आता पोटापाण्याला डेटाबेस सांभाळतो.

तर केलेलं काम असं. (शनिवारी केलं, आजींची शपथ.) दोन मिलिमीटरची ब्यूटाइल शीट चार चौरस मीटर, ६८ युरो, वजन बारा-तेरा किलो. स्टेपनीचा खड्डा, मागच्या चाकांच्या वरचे फुगवटे, चारही दरवाजांचा बाहेरचा पत्रा. पत्रा स्पिरिटने पुसायचा, थंडी असेल तर हेअर ड्रायरने शीट गरम करायची, आणि रोलरने दाबायची, नाहीतर ती पोळीसारखी फुगते. दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत. पिवळ्या कनेक्टरला, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना, हात लावायचा नाही. माझ्या दरवाजात बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर होता, म्हणून बॅटरी काढून ठेवली आणि त्याच्या आसपास काहीच चिकटवलं नाही. डिकीच्या कार्पेटखाली जाड फेल्ट, २४ युरो. दरवाजांना जादा रबरी पट्टी, १५ युरो. प्लास्टिकच्या क्लिपा ९ युरो, कारण जुन्या काढताना तुटतातच, तुटणार नाहीत असं सांगणाऱ्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका.

आणि २० युरो पाण्यात. अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा दोन सेंटीमीटरचा फोम घेतला, स्टुडिओत असतो तसा. नंतर कागद-पेन्सिल घेतली तेव्हा कळलं. दोनशे हर्ट्झच्या आवाजाची लहर १.७ मीटर लांब. असा आवाज नीट शोषायला त्याच्या पाव जाडीचा, म्हणजे ४३ सेंटीमीटरचा फोम लागेल. तेवढ्या फोममध्ये बाबांना बसवायला जागा उरली नसती. फोम आता मुलीच्या बाहुलीघराची गादी झालाय.

एकूण १३६ युरो. टायर घ्यायला पैसे उरले नाहीत, मित्राने शिव्या घातल्या. टायरच्या लेबलवर जो डेसिबलचा आकडा असतो तो बाहेर ऐकू येणाऱ्या आवाजाचा असतो, आतल्या नाही, हेही त्यानेच सांगितलं.

मोजलं तर शंभरला ७१ चे ६८.५ झाले. अडीच डेसिबल. ऐकून माझा चेहरा पडला. पण हे आकडे ज्या मापात असतात ते खालच्या पट्टीतल्या आवाजाला फारसं मोजतच नाही, आणि माझा फायदा झाला होता तो नेमका तिथे. घुमारा गेला होता. ढोलाचा डबा झाला होता, म्हणू या.

दरवाजे उघडे असताना बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. दरवाजाच्या आतला पत्रा बोटाने चाचपून म्हणाले, "हा आमच्याकडे पाच ऑपरेशनमध्ये निघायचा." मग कुठल्या ऑपरेशनला आवाज सर्वांत मोठा, ते सांगितलं. भोकं पाडण्याच्या. पत्रा तुटतो त्या क्षणी प्रेसमध्ये साठलेला जोर एकदम सुटतो. मी विचारलं, कान तपासायचे का तुमचे? "वर्षाला एकदा यायचे. सही करायची." नुकसानभरपाई? ते हसले. "सगळ्यांनाच कमी ऐकू यायचं. कोण कोणाला सांगणार?"

जर्मनीत धातूच्या कारखान्यांतला आवाजाने आलेला बहिरेपणा १९२९ पासून व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. लेसिंगच्या संघटनेने नाही, कामगार विम्याच्या व्यवस्थेने तो आणला. आज युरोपात ८० डेसिबलला मालकाने कानाची साधनं द्यायची, ८५ ला ती वापरणं सक्तीचं. आपल्याकडे आठ तासांना ९० ही मर्यादा, आणि आपल्या जुन्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही हा आजार छापलेला होता. दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे ८५ आणि ९० मधला फरक पाचाचा दिसतो, पण कानावर पडणारी ऊर्जा तिपटीहून जास्त. आणि बाबांच्या प्रेसजवळ ९० नक्कीच नव्हते. जगातली शांत गाडी ज्या पत्र्याची होते तो पत्रा असा होतो, हे मला बाउमार्क्टच्या पावत्या जुळवताना सुचलं आणि मग तो हिशेब मी अर्धाच ठेवला.

परवाच्या शनिवारी आम्ही ग्योटिंगेनला गेलो. निमित्त ओबर्स्ट-मायरचं, पण तिथे बघण्यासारखं काही आहे असं नाही, गावातली हंस घेतलेल्या मुलीची मूर्ती बघितली, आईने तिच्यासोबत फोटो काढला. येताना ए-सातवर नॉर्टहाइमच्या पुढे ट्रॅफिक कमी झाला. आई मागे झोपली होती. बाबांनी श्रवणयंत्र खिशातून काढून कानात घातलं. मी बघितलं, पण काही बोललो नाही. मग पुन्हा सांगितलं. पासपोर्ट, अर्ज, भारताचा सोडावा लागणार, बदल्यात ओसीआय कार्ड मिळतं, येण्याजाण्याला आडकाठी नाही.

या वेळी "हो" आलं नाही. दोन एक्झिट गेल्या. गाडीत खरंच शांत होतं, वायपरची मोटर पण ऐकू येत होती.

"सातबाऱ्यावर तुझं नाव लागेल का मग?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, विकत घेता येत नाही शेतजमीन, पण वारसाहक्काने येते.

"आणि जुना पासपोर्ट? ठेवून घेतात का?"

"रद्दचा शिक्का मारून परत देतात, बाबा."

"मग तो मला दे," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. हिल्डेसहाइमची पाटी आल्यावर म्हणाले, "त्या मागच्या डाव्या चाकाच्या इथं अजून थोडं वाजतंय बघ. तिथं शीट नीट बसली नाही."

बरोबर होतं. कोपरा सुटला होता. येत्या शनिवारी बघतो.

चूभूद्याघ्या. कळावे, लोभ असावा.

– एक हॅनोव्हरकर